त्स्वेतानाबाईंची मान

...आणि वर म्हणे, संदर्भ द्या! तुम्हाला सांगतो, लोकसाहित्याच्या अभ्यासात उभं आयुष्य गेलं, पण भुताखेतांनीसुद्धा माझ्याकडे कधी पुरावा मागितला नाही; मागितला तो इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशानं!

प्रकरण एवढंच, की बल्गेरियातल्या आमच्या त्र्याव्हना गावच्या दिवंगत कादंबरीकार त्स्वेताना ग्रोझेवा यांच्यावरच्या त्या ज्ञानकोशातल्या नोंदीत एक वाक्य आहे: 'कादंबरीतला पीठचोर गिरणीवाला म्हणजे लेखिकेचे वडील.' कशावरून? तर कोण्या परदेशी वार्ताहरानं एकदा विचारलं, 'हे तुमचेच वडील ना?' आणि बाईंनी मान वरखाली केली! अहो, आम्हा बल्गेरियन माणसांची मान वरखाली झाली की तो नकार, आणि आडवी डोलली की होकार! पण त्यानं ठोकून दिलं, 'लेखिकेला मान्य.' मान हलली की मान्य!

बाईंची धाकटी बहीण, पेन्काआजी, माझ्या दारात उभी. "अहो प्रोफेसर, बेकरीत पाऊल टाकलं की पोरी विचारतात, 'आजी, वडिलांनी पीठ किती खाल्लं?' देवमाणूस हो माझा बाप! जन्मभर लोककथा गोळा केल्यात ना? आता एक मोडून दाखवा!"

बसलो दुरुस्तीला. नोंदीवर पहारा मिलेन नावाच्या संपादकाचा. बल्गेरियन केवळ नावापुरता, जन्म अन् वाढ व्हिएन्नातली. मी लिहिलं, आमच्याकडे ही मान म्हणजे नकार. 'संदर्भ द्या!' माझाच ग्रंथ दिला. 'स्वतःचा चालत नाही. दुसरा संदर्भ द्या!' अखेर ग्रंथालयाच्या धुळीतून एका जुन्या अभ्यासकाचं पान उपसून काढलं, आणि काय सांगू... वाक्य गेलं! पेन्काआजींनी आनंदानं अख्खं तबक भरून बानित्सा आणली, चीजचे पदर सुटताहेत, वाफ येतेय, आम्ही दोघं खातोय, हसतोय, त्यांच्या बापाच्या नावानं पेले भिडवतोय, आणि माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी मिलेनला व्हिडिओवर बोलावलं, आभार मानायला!

तो अदबीनं म्हणाला, "आजी, आता झालं ना मनासारखं?"

आजींच्या तोंडात हा एवढा घास! बोलणार कशा? डोळे मिटून, तृप्त होऊन मान डोलावली... डावीकडे, उजवीकडे, डावीकडे!

"नाही? मग ते जुनं वाक्य परत घालतो."

"अरे बाबा, त्या 'हो' म्हणताहेत!" मी ओरडलो.

"सर, तुमच्या पानात फक्त उभी मान आहे. आडवीचा संदर्भ द्या!"

मी मुकाट्यानं मान हलवली. कशी, ते मात्र विचारू नका.