मुलाखत संतोषनं घेतली

माणूस नोकरीवर कसा घ्यावा, हे मला तेवढं विचारू नका. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीत मी आणि माझा भागीदार प्रकाश व्यापाऱ्यांसाठी बिलांचं सॉफ्टवेअर बनवायचो. आमच्याकडे प्रोग्रामर एकच, संतोष. जवळा बाजारच्या अडत्यांना सोयाबीन यायच्या आत सगळं चालू करून हवं होतं, म्हणून दुसरा शोधत होतो.

प्रकाश नुकताच हैदराबादहून नव्या कंपन्यांची परिषद ऐकून आला होता. म्हणाला, "मालकानं मुलाखत घ्यायचीच नाही. सोबत काम करणाऱ्याला घेऊ द्यायची."

अर्ज घेऊन आलेल्या एका पोराची मुलाखत संतोषनं घेतली. बराच वेळ आतून हसण्याचा आवाज येत होता. प्रकाश खूश.

मग संतोष बाहेर आला. "पोरगं लई हुशार आहे, भाऊ. पण आपल्याकडं येणार न्हाई."

"काहून?"

"औंढ्याला स्वतःचं काम सुरू करून राहिलं."

"मग इथं कशाला आलं?"

"माणूस शोधायला. सोमवारपासून मी तिकडं चाललो."

मी कपाळाला हात लावला. "अन् जवळा बाजारचं काम?"

"ते आमी करू ना, भाऊ. फक्त एक माणूस कमी पडून राहिला. तुमचं नाव सांगू का?"