कोंबडी तेवढी खरी

...आणि वर मलाच म्हणतात, डर्व्हला, तुझं तोंड फार चालतं. अहो चालणारच ना. या घरात बाकीच्यांची तोंडं फक्त चहा प्यायला उघडतात, मग कुणीतरी एकीने बोलायला नको? तुम्हाला सांगते, आमच्या घरात एखाद्याचं मुंडकं उडून सैपाकघरातून घरंगळत गेलं ना, तरी आमची आजी ते पायाने जरा बाजूला सारील आणि म्हणेल, 'काही नाही, थोडा थकलाय तो. चहा टाक गं कुणीतरी.'

फेकत नाहीये मी. गेल्या हिवाळ्यात आमची आई, अ‍ॅसम्प्टा तिचं नाव, अंथरुणात शिरली ती बाहेर येईचना. पडदे बंद, दिवा बंद, केसांचा गुंता, एक कप धुवायचा म्हटलं तरी डोळ्यांतून पाणी. ख्रिसमसची टर्की बाबांनी भाजली, म्हणजे बाहेरून कोळसा आणि आतून बर्फ, आणि आम्ही ती मुकाट्याने खाल्ली, कारण टर्कीविषयी बोललो असतो तर ती आईने का नाही भाजली याविषयी बोलावं लागलं असतं... दारात कुणी आलं की आजी दोन्ही हात चौकटीला लावून उभी. 'अ‍ॅसम्प्टा ना? थोडी थकलीये ती.'

मग एक दिवस आईला दवाखान्यात न्यावं लागलं. डोक्याच्या. तर गावात काय सांगितलं, आई तिकडे इंग्लंडात, लीड्सला चुलतबहिणीकडे गेलीये. बरं, सांगितलं तर सांगितलं, पण ती लीड्सवाली मावशीच फोन करून विचारते, 'काय गं, आमची अ‍ॅसम्प्टा कशी आहे?' आणि आजी, जिने उभ्या जन्मात चर्चमधली एक रविवारची मिस्सा चुकवली नाही, ती तिला सांगते, 'तुझ्याकडेच आलीये ती. कुणी विचारलं तर ध्यानात ठेव. थोडी थकलीये.'

आणि मी. मी गॉलवेचं कॉलेज सोडून घरी आलेली. का सोडलं ते मला एकानेही विचारलं नाही, पण गावात सांगायला उत्तर तयार: 'आईच्या मदतीला आलीये हो पोर.' कुठल्या आईच्या? आई तर लीड्सला आहे ना?

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बाबांना स्पष्ट बजावलं होतं. 'फिन्टन, घरात याविषयी बोला. तिला विचारा कशी आहेस, आणि ती काय सांगते ते ऐकून घ्या. नाहीतर ती परत इथेच येईल.' एवढं सोपं. फुकटातलं औषध. तर गाडीत बाबा काय बोलले? खड्ड्यांविषयी. अख्खा रस्ता. हा खड्डा नवा, तो खड्डा जुना, त्या खड्ड्यात कुणाची गाय पडली होती. आई मागे बसून काचेतून बघत होती, आणि तुम्हाला सांगते, माझ्या मनात एकच, आता कुणीतरी विचारा रे तिला. तिच्याशी जन्मभर ज्यांचं नातं आहे त्यांच्यापैकी कुणीतरी. मी विचारलं तर डर्व्हलाचं तोंड चालतं...

आता मावशी. अ‍ॅट्रॅक्टा मावशी, आईची थोरली बहीण. निवृत्त शिक्षिका, म्हणजे शाळेतून निवृत्त, हुकूम सोडण्यातून नाही. आमच्या पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, हौशी नाटक मंडळाची लेखिका ती, दिग्दर्शिका ती, आणि मुख्य भूमिकेतही तीच, कारण दुसऱ्या कुणाला ती भूमिका पेलणार नाही असं तिने स्वतःच ठरवलेलं. यंदा तिने विनोदी नाटक लिहिलं. 'तीन बायका आणि एक कोंबडी'. एक म्हातारी, तिच्या दोन मुली, एक शहाणी आणि एक वेडी. शहाणी मावशी स्वतः, हे काय सांगायला पाहिजे? म्हातारीचं काम पोस्टातल्या नुआलाचं. आणि वेडी वरच्या खोलीत राहते आणि कोंबडीशी बोलते, यावर लोकांनी हसायचं. ती वेडी करणारी बाई बिंगोच्या हॉलात पाय घसरून पडली, खुबा मोडला, तर मावशी म्हणते, 'आपल्या अ‍ॅसम्प्टाला घेऊ. जरा बाहेर पडेल. गालांवर रंग येईल.'

मी म्हटलं, 'मावशी, जी बाई नुकती त्या दवाखान्यातून आलीये तिला तू वेडीचं काम देतेस?'

मावशीने चष्म्यावरून बघितलं. 'कुठल्या दवाखान्यातून?'

घ्या. आता बोला.

आणि आई चक्क हो म्हणाली. मला वाटतं नाही म्हणायची ताकद नव्हती तिच्यात. कोंबडी आमचीच, खरीखुरी, सिस्टर बेनेडिक्ट. चेहरा हुबेहूब आमच्या शाळेतल्या ननचा, म्हणून नाव.

तर हौशी नाटकांचा महोत्सव. हॉल गच्च, बाहेर हॅम सँडविचचे डोंगर, लॉटरीची तिकिटं, सगळं साग्रसंगीत. पण लोक नाटकाला येतात असं समजू नका. पडदा पडला की परीक्षक स्टेजवर येतो, छोट्या टेबलाशी बसतो, आणि गावादेखत, नटांच्या आयांदेखत त्यांची सालटी काढतो. लोक त्यासाठी येतात. नाटक आपलं तोंडी लावायला. यंदाचा परीक्षक डब्लिनचा. मखमली कोट. पुढे काय होणार ते मी तो कोट बघूनच ओळखलं.

मी प्रॉम्प्टर. विंगेत संहिता घेऊन उभी. पहिला अंक झकास गेला. आई पाठ केलेलं म्हणत होती, लोक हसत होते, सिस्टर बेनेडिक्ट टेबलाखाली बसून होती. दुसऱ्या अंकात वेडी जिन्यावरून खाली येते आणि विचारते, 'कोंबडीला चहा दिलास का?' एवढंच वाक्य. आई आली, टेबलाशी थांबली, आणि... गप्प.

मी हळूच म्हटलं, 'कोंबडीला चहा.' गप्प. मी जरा मोठ्याने म्हटलं, 'कोंबडीला चहा दिलास का?' पहिल्या तीन रांगांनी ऐकलं, आईने नाही. ती मावशीकडे बघत होती. मग बोलली, नाटकातल्या आवाजात नाही, तिच्या रोजच्या आवाजात.

'मी लीड्सला नव्हते.'

लोक हसले.

'मी दवाखान्यात होते. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, अरे देवा, अजून आहेच मी. कप धुवायचा म्हटलं की रडू यायचं. आणि माझ्या दाराबाहेर उभं राहून माझी आई लोकांना सांगायची...'

आणि पहिल्या रांगेतून आमची आजी, सवयीने हो, निव्वळ सवयीने, खणखणीत आवाजात म्हणाली, 'थोडी थकलीये ती.'

हॉल कोसळला. फादर कलिगन मांडीवर थापा मारत होते, एक बाई हसता हसता खोकायला लागली, तिच्या पाठीवर तिचा नवरा धपाटे घालत होता. लोकांना वाटलं, काय अफलातून कल्पना आहे, प्रेक्षकांत नट बसवलाय. आणि मावशीचा चेहरा? पिठासारखा. चाळीस वर्षं शाळेत पोरांना 'उत्तर दे' म्हणून उभं करणारी बाई, हिला उत्तर सापडेना. सापडलं ते हे: 'चहा टाकू?'

परत हॉल कोसळला.

आई म्हणाली, 'टाक. पण आधी मला विचार, अ‍ॅट्रॅक्टा. कशी आहेस म्हणून विचार. एकदा.'

आता मावशी पडली कसलेली नटी, समोरून वाक्य आलं की झेलणारच. शिवाय मखमली कोट लिहून घेत होता. तिने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

'कशी आहेस?'

'बरी नाहीये,' आई म्हणाली.

आणि कुणी हसलं नाही. तुम्हाला सांगते, तेवढा वेळ त्या हॉलात सँडविचचा कागदसुद्धा वाजला नाही. मी संहितेत बोट घालून उभी, बोट कुठल्या ओळीवर आहे ते दिसेना. बाबा तिसऱ्या रांगेत टोपी पिळत होते.  म्हटलं झालं. सुटलो आपण. आता घरी जाऊन बोलतील ही माणसं.

तेवढ्यात सिस्टर बेनेडिक्ट टेबलाखालून बाहेर आली, आईच्या बुटावर चढली आणि कॉक करून ओरडली. हशा. आईने खाली बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, 'कोंबडीला चहा दिलास का?' नाटक पुढे सुरू.

मग परीक्षक. बसला, पाणी प्याला, खाकरला. नेपथ्याचं कौतुक, चूल अस्सल आहे म्हणे. असणारच, आमच्याच घरातून उचललीये, आठवडाभर आम्ही थंड हॅम आणि विजेच्या किटलीतला चहा यावर आहोत. मग म्हणाला, 'आता अ‍ॅसम्प्टाबाईंच्या त्या भाषणाविषयी. लेखन धीट, पण पटत नाही. कुठलं कुटुंब स्वतःच्या मुलीशी असं वागेल? आणि जिने हे खरंच भोगलंय ती बाई इतकं सपाट बोलणार नाही हो. ती रडेल, कोसळेल. शिवाय तो पॉज. फार लांबला. मार्क गेले तिथे.' लोक माना डोलावतायत. 'अभिनयात मला संध्याकाळभर खरी वाटली ती फक्त कोंबडी.'

टाळ्या.

झालं ना मग. सुटलेच सगळे. बाहेर जो तो आईचा हात धरून, 'काय अभिनय केलास गं, अंगावर काटा आला.' अभिनय! जिने दोनशे लोकांसमोर खरं सांगितलं तिला म्हणे अभिनय. बाबांनी गाडी काढली आणि खड्डे सुरू. मावशी पुढच्या सीटवरून वळून म्हणते, 'शनिवारी पुढचा महोत्सव आहे, तिथेही ते तसंच घेऊ. फक्त लीड्सऐवजी लिव्हरपूल म्हणूया का? जास्त हसतील.' आणि आजी, जिने सगळ्यात मोठा हशा मिळवला होता, ती डोळे मिटून म्हणाली, 'छान केलंस अ‍ॅसम्प्टा. फक्त थोडी थकल्यासारखी दिसलीस.'

मी दात आवळून बसले होते. शेजारी आई. आणि आई काय करत होती? हसत होती. आवाज न करता, खांदे हलत होते नुसते. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा.

सकाळी मी सैपाकघरात आले तर ती माझ्याआधी उठलेली. पडदा उघडा. कप धुतलेला, एकच, पण धुतलेला. मी खुर्चीत बसले, कालच्या प्रकारावरून कुणाला काय काय सुनवायचं त्याची मनात उजळणी चाललेली, मावशीला हे, आजीला ते, बाबांच्या खड्ड्यांना तर वेगळंच... आणि आई पाठमोरी असतानाच म्हणाली,

'डर्व्हला. तू कशी आहेस गं?'

बघा हं. एवढे दिवस हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी सगळ्यांच्या नावाने खडे फोडत होते. गॉलवेतली ती खोली, वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परत फिरायचे मी, मग दारापर्यंतही जाईना, मग अंथरुणातून उठेना, सगळं सगळं ओठांवर आलं. या घरात तोंड चालतं ते फक्त माझं, नाही का? मी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

'काही नाही गं,' मी म्हटलं. 'थोडी थकलेय.'

आई वळली. 

'पॉज फार लांबला तुझा,' ती म्हणाली. 'मार्क गेले तिथे.'

आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. पण आधी चहा टाकला. आता काय करता... शेवटी आमच्याच घरातली ना ती.