शेषरावला फाडलेली पावती

काय सांगू तुम्हाला, ही गोष्ट मी लई वर्षं टाळली. तुमी मागं दोनदा आलात तवा बी मी बंदोबस्ताचे आणि जत्रंतल्या पाकीटमारांचे किस्से सांगून तुमची वही भरून दिली, चहा पाजला आणि वाटंला लावलं. आज मात्र लिहून घ्या, आणि मला सावरून घेऊ नका, मी बोलतो तसंच ठेवा.

मी किसन. तेलगावच्या पलीकडं आमची वस्ती. बाप सालगडी, दुसऱ्याच्या उसाला पाणी देता देता म्हातारा झाला. आज्यानं धम्माची दीक्षा घेतली तवापासून घरात एकच सांगणं, पोरांनी शिकायचं. मी बारावीपर्यंत शिकलो, आणि माझ्याबरोबर शेषराव. शेषराव म्हणजे शेजारच्या घरातला, माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा, आणि त्या सहा महिन्यांचा त्यानं जन्मभर रुबाब केला. पोलीस भरतीचं खूळ त्याचंच. पहाटे येऊन दार वाजवायचा, ऊठ बे किसन्या, सरकार झोपायचा पगार देणार हाय का तुला, म्हणायचा, आणि उसाच्या कडंनं मला पळवायचा. कॅनव्हासच्या बुटांचा दोघांत एकच जोड, तो बी त्याचा. भरतीला गेलो तर शेषराव उंचीच्या मापात बोटभर कमी पडला, पहिल्याच टेबलावरनं त्याला काढलं. दुसरा कुणी असता तर तोंड पाडून घरी गेला असता, हा तिथंच खाली बसला, बूट काढले आणि म्हणला, घाल, आणि माझ्या वाटणीचं बी पळ. मी पळालो. मी पोलीस झालो आणि तो अनवाणी एसटीत बसून गावाला आला.

पुढं मी जमादार झालो आणि मला वाहतुकीला टाकलं, एका तालुक्याच्या गावात, नाव राहू द्या. लोकांना वाटतं पावती कायद्यानं फाटती. कायदा पुस्तकात असतो हो, चौकात असतो तो जमादाराचा हात. नियम मोडणारे ढीगभर, सगळ्यांना थांबवता येत न्हाई, मग कुणाला थांबवायचं ते मी ठरवायचो, शिट्टी माझ्या तोंडात होती. कसं ठरवायचो ते सांगतो. आधी पायाकडं बघायचो. पायात चांगले बूट असले तर नमस्कार, कुठं निघालात साहेब, आणि झिजलेली चप्पल असली तर कागद दाखव. मग हाताकडं बघायचो. थांबवल्यावर हात मोबाईलकडं गेला की माणूस सोडायचा, कारण पलीकडनं कोण बोलंल ते सांगता येत न्हाई, आणि हात गाडीच्या कागदांच्या पिशवीकडं गेला की पावती फाडायची, कारण ह्याचं कुणी न्हाई. हे मला कुणी शिकवलं न्हाई. उन्हात उभं राहून राहून कातडी काळी पडती तसं ते अंगात आलं.

तवर शेषरावनं काळीपिवळी जीप घेतलती. काचेवर निळ्या अक्षरात जय भीम, आणि आत माणसं अशी कोंबलेली की एक शिंकला तर दुसरा उतरावा. त्या टायमाला सगळ्याच जिपा तशा भरायच्या, मी बी आठवड्यातनं दोनचार धरायचो आणि बाकीच्या जाऊ द्यायचो. शेषराव माझ्या चौकातनं कधी जायचा न्हाई. माझ्यामुळं तुला अवघड नको, म्हणायचा, आणि लांबच्या रस्त्यानं वळसा घालायचा.

बाजाराचा दिवस होता. एक पांढरी गाडी उलट्या बाजूनं आली, काळ्या काचा, एका भाजीवालीची पाटी उडवली, टमाटे रस्ताभर. मी शिट्टी मारली. काच खाली झाली, आतल्या माणसानं तोंडानं काही न बोलता फोन माझ्याकडं धरला. पलीकडनं आवाज आला, आपलाच माणूस हाय, जाऊ द्या. मी कुणाचा आवाज ते बी विचारलं न्हाई, सलाम ठोकला. सगळा बाजार बघत होता. ती भाजीवाली टमाटे गोळा करता करता माझ्याकडं बघत होती. ती गाडी निघून गेली, आणि नेमका तवाच लांबचा रस्ता खोदलेला म्हणून शेषराव जीप घेऊन चौकात आला, आणि खिडकीतनं मोठ्यानं म्हणला, जय भीम जमादार!

पानटपरीवरनं कुणीतरी बोललं, घ्या, जमादाराचा सोयरा आला, आता ह्याला बी सोडा आणि वरनं चहा पाजा. सगळे हसले. माझे कान तापले. मी त्याच्या जय भीमला उत्तर दिलं न्हाई. उतर खाली, म्हणलं, अहो-जाहो न्हाई, शेषराव न्हाई, काही न्हाई. शेषरावला वाटलं मी गंमत करतोय. साहेब, पोटावर पाय देऊ नका, म्हणून हसला. मी सगळी माणसं खाली उतरवली, म्हाताऱ्या बायका डोक्यावर गठुडं घेऊन चालत गेल्या, आणि मी पावती फाडून भागवलं न्हाई, जीप ठाण्यात लावली. त्याच्या पायात चप्पल होती. हात कागदांच्या पिशवीकडं गेलता.

परमीटची मुदत सरलेली निघाली, तारखांवर तारखा पडल्या, जीप आवारात उभी राहिली, कुत्री तिच्या खाली झोपायला लागली. त्या साली शेषराव नवराबायको टोळीबरोबर ऊस तोडायला गेले. पोरगी सुजाता बी संगं गेली, तिचं चौथीचं वरीस बुडालं.

आता खरी गोष्ट ऐका. हंगाम संपवून शेषराव आला आणि गावभर सांगत सुटला, किसन्यासारखा पोलीस हुडकून सापडायचा न्हाई, मला बी सोडलं न्हाई त्यानं! अभिमानानं सांगायचा हो. पांढऱ्या गाडीचं त्याला ठाऊक नव्हतं, ती जाऊन मग तो आलता. मी निवृत्त झालो तवा बी त्यानं हार घालून तीच गोष्ट सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान खाली घालून बसलो, तर लोक म्हणले, बघा किती नम्र माणूस.

सुजाता ती गोष्ट ऐकत मोठी झाली. पोलीस झाली. उंची बापाची न्हाई घेतली, बरं झालं.

मागच्या साली मी नातवाची स्कुटी घेऊन बीडला गेलतो, डोक्यावर हेल्मेट न्हाई. शिट्टी वाजली. बघतो तर सुजाता. माझ्या पुढंच एक बुटवाला फोन पुढं करत होता, हिनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई, ठेवा तो खिशात, म्हणली, आणि मशीनवर त्याचं चलान केलं. मग माझ्याकडं वळली. वाकून पाया पडली, आणि म्हणली, काका, जरा सरळ उभं राहा, फोटो काढायचाय. मी म्हणलं, अगं, मी किसनकाका! तर म्हणते, म्हणूनच. तुमच्याकडनंच शिकले.

खरं सांगतो, त्या दिवसाइतकं मला कधी बरं वाटलं न्हाई. मी खोटं चालू दिलं, आणि त्या पोरीनं ते खरं करून दाखवलं.

तसाच शेषरावच्या घरी गेलो. चलानाचा मेसेज दाखवला तर तो खोकला येईपर्यंत हसला, बायकोला हाक मारून म्हणला, ये, ह्याला फेडावं लागलं बघ! मी त्याचा हात धरला. म्हणलं, शेषराव, त्या बाजाराच्या दिवशी… तर म्हणला, आधी चहा घे, निवतोय. मी चहा घेतला. दुसरी माणसं आली, बोलणं वाहून गेलं. पुढच्या महिन्यात शेषराव गेला, पाच दिवसांच्या तापानं.

मला आज काही कमी न्हाई. पेन्शन हाय, नातवंडं हायती, गुडघे अजून ऐकतात, सकाळी उसाच्या कडंनं चालायला जातो. एवढंच राहिलं. हे छापून आलं की सुजाता वाचंल. तिला वाईट वाटंल, पण ती आता माझ्या गोष्टीवर न्हाई, आपल्या पायावर उभी हाय. आणि ते चहाच्या आधी जे बोलायचं होतं ते एवढंच होतं: शेषराव, मी तुला इमानानं न्हाई, भिऊन धरलं. तुझ्या आधी एक गाडी मी सलाम करून सोडलती. तू बूट काढून दिलेस, आणि मी तुझ्या चपलेकडं बघितलं. माझं चुकलं, भावा. जय भीम.