वंदनाताईची चाचणी मोडू नका

मंडळी, दाटीवाटीने का होईना, खाली बसा. आपल्या मिरची पावडर संस्थेची विक्री बघणारी वंदनाताई गेली. परवाच मिरच्या वाळवायच्या याच पथारीवर उभं राहून तिने मला दम भरला होता. आज तिथेच तिच्या फोटोला हार घातलाय.

तुम्हाला माहीतच आहे, मॅनेजर म्हणून मला ठरवायचंय: पाकिटं हातानेच भरायची, की चकचकीत पाकिटांचं मशीन आणायचं? मशीन आलं की भरणाऱ्या बायकांचं काम गेलं. त्यांत ताईची सख्खी बहीण, रेखाताई. मी म्हटलं, थोडी नवी पाकिटं बाहेरून भरून आणू आणि शहाद्याच्या मोठ्या बाजारात विकून बघू. ताई भडकली.

"भाऊ, शहादाले कायबी खपी जास. त्यावरथीन काय समजी?"

मग तिने गावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. ब्राह्मणपुरीला हाताचं पाकीट, कळसाडीला मशीनचं. बाकीची गावंही तशीच वाटली. मिरची तीच, भाव तोच. हंगाम संपेपर्यंत कोणी काही बदलायचं नाही. मी विचारलं, "आणि मशीन जिंकलं तर?"

"ते मी सोता सांगसू रेखाले."

आणि आज सकाळी काय बघतो? हाताच्या पाकिटांवर ताईच्या फोटोची स्टिकरं! बायकांनी रडत रडत चिकटवलीत. त्या मायेपुढे काय बोलावं? पण बोलतो. ताईला सगळा तालुका ओळखायचा. तिचा चेहरा बघून लोक पाकीट उचलतील. मग खपलं काय, पाकीट की ताई?

दोन्हीवर लावू, असं अध्यक्ष म्हणाले. नाही, साहेब. आज हळहळून घेतलेलं पाकीट पुढच्या वर्षी कोण घेईल? मशीन घ्यायचं की नाही, हे मी कशावरून ठरवू?

रेखाताई, रागाने बघताय. बघा. काम तुमचं जाईल, माझं नाही. हे मला कळतं, आणि त्याचं वाईटही वाटतं. म्हणून हुकूम देत नाही, विचारतोय. उद्या बाजाराची गाडी निघेल. पाकिटांवरचे फोटो काढून टाकायचे का?

काय म्हणालात? जरा मोठ्याने म्हणा, मागे ऐकू गेलं नाही.

"काढी टाका."

ऐकलंत सगळ्यांनी?

आता उभे राहा. वंदनाताईसाठी दोन मिनिटं कोणी बोलू नका. मग सगळे मिळून बसू, आणि तिचा चेहरा आपल्याच नखांनी एकेका पाकिटावरून सोडवू.

रामराम, ताई.