काचेच्या आतल्या बाजूने

अकराव्या मजल्यावर फोन घेणाऱ्या बाईंचं काम पाहुण्यांना बसवण्याचं, त्यांचं बोलणं ऐकण्याचं नव्हे. पण खिडकीजवळचं काचवाल्यांचं जोडपं असं रंगलं होतं, की कानांना आवरणार कोण?

“ही इमारत तोंडपाठ आहे म्हणता, मग लिफ्टमध्ये का घाबरलात?”

“या इमारतीत लिफ्टने पहिल्यांदाच आलो गं. पूर्वी कामाला दोरीवरून यायचो.”

“या खिडकीबाहेर?”

“बोट टेकवलंस ना, तीच काच. अशा एकशेचाळीस बदलल्या. चार महिने लटकत होतो.”

“अगंबाई! आणि घरी सांगायचात, ऑफिसात काम आहे!”

“ऑफिसातच होतो की. काचेच्या पलीकडे, इतकंच.”

“चहा तरी द्यायचे का?”

“आतले प्यायचे, आम्ही बघायचो.”

“आज न मागता दोन कप आले.”

“आज आपल्या कारखान्याच्या नावाने बोलावणं आहे. नव्या इमारतीचं काम मिळालं, तर आणखी सहा माणसं लागतील.”

“मिळेल हो. पण या काचांतून वारा येत नाही ना? नाहीतर इथेच नाक कापलं जायचं.”

आता बाईंना राहवेना.

“नऊ वर्षं या खिडकीशी बसतेय मी. टेबलावरचा कागद हललेला नाही.”

एवढं बोलून त्यांनी फोन उचलला.

“साहेब, आपल्या खिडक्या ज्यांनी बसवल्या, ते आलेत... हो, पाठवते.”

“अहो, चला ना! आत्ता रुमाल कशाला काढताय?”

“तुझं बोट उमटलंय. थांब जरा, आतून पहिल्यांदाच पुसतोय.”