मशीनचा पोपट

माझ्या थापा लोकांना पटतात. आता सांगतो ते खरं आहे, म्हणून कुणालाच पटणार नाही. सात रस्त्याच्या चौकात शेअर रिक्षात बसलो, तर समोर चादरीची नक्षी काढणाऱ्या शमशादबी आणि चादरींचे व्यापारी सयाजीशेठ. बाईंच्या मांडीवर शेठच्याच दुकानातली नवी, पोपटाच्या नक्षीची चादर.

“ह्यावरचा पोपट माझा हाय, शेठ.”

“तुमचा कसा? कंप्युटरनं काढलाय. ‘पोपट काढ’ म्हणलं, चहा संपायच्या आत तयार!”

“माझा नमुना बघाया आलावता, तवा मोबाईल हातात व्हता तुमच्या.”

“फोन आलावता की मला.”

“फोटू न्हाय काढला?”

“आईशप्पथ न्हाय.”

“ही नक्षी मी दुसऱ्या दुकानाला द्यायची कबूल केलीया. आता ते म्हणतील, शमशादनंच चोरली.”

“म्हणू द्या. मशीनच्या चित्रावर कुणाचाच हक्क नसतो. वकिलाला इचारलंय मी.”

“नक्षी माझी न्हाय, तर वकील कशाला गाठला?”

“धंद्यात इचारावं लागतं, बाई. लई संशयी तुमी!”

“व्हय, हाय. मशीनला माझं चित्र दाखवलंच न्हाय म्हणता?”

“एक रेघ न्हाय. त्याचं डोकं, त्याचा पोपट.”

“मग शेपटी अर्धीच का?”

“ती मशीनची कलाकारी.”

“मी घरचा मिठू बघून काढलाय. त्याची शेपटी आमच्या मांजरानं तोडली. तुमच्या मशीनला आमचं मांजर कुटं भेटलं, शेठ?”