अण्णांचा रकाना

मग तुम्हीच सांगा ताई, माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा की बोटांवर? — हसू नका, चाळीस वर्षं कापड विकतोय. तोंड म्हणतं, ‘भडक आहे हो, दुसरं दाखवा’, आणि बोटं तोच तागा चुरगाळत बसलेली! तुमच्या या पाहणीच्या फॉर्मचं तसंच. मुलांनी धर्माबाहेर लग्न करावं का? — मी म्हटलं, करावं की, जमाना बदलला. तुम्ही लगेच खूण केलीत. आता वडिलांचंही मीच सांगू म्हणता? लिहा — वय चौऱ्याऐंशी, प्रार्थना रोज दोन वेळा, म्हणजे जुन्या वळणाचे... थांबा. थांबा जरा. पेन खाली ठेवा.

त्याचं असं आहे — आमच्या प्रार्थनागृहात वर्षातून एकदा घरोघरच्या माणसांची नावं मोठ्यानं वाचतात. वाचायचा मान सगळ्यात वयस्कर माणसाचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, अण्णांचा. यादी करतो मी — शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर बघाल तर! तर यंदा आमच्या थोरलीनं दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला आहे, घड्याळं दुरुस्त करतो. मी एका शब्दानं बोललो नाही हां! फक्त यादीत तिचं नाव घातलं नाही. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

आणि अण्णांनी वाचलं! माझं, हिचं, मग थोरलीचं — कागदावर नसलेलं — मग धाकट्याचं. सावकाश, चष्मा काढून. दुसऱ्या दिवशी प्रार्थनागृहाचे पंच आले, इथंच, तुम्ही बसलात त्या स्टुलावर. म्हणाले, शेटजी, हे कसं झालं? आणि मी — कात्री चालवत, वर न बघता — म्हणालो, वय झालं हो, डोकं चालत नाही त्यांचं. झालं! पुढच्या वर्षीपासून वाचन दुसऱ्याकडे. अण्णा त्या पडद्यामागं बसले होते. ऐकलं असणार. नाही, विचारलं नाही मी. महिना झाला, जेवायला हाक मारली की येतात, जेवतात, उठतात. एक शब्द नाही.

धाकटा? एकोणीस वर्षांचा, प्रार्थनेकडे फिरकत नाही — आणि मला म्हणतो कसा, बाबा, ताईचं नाव गाळलंत ते बरं केलंत, तिनं इथं पाऊल टाकू नये! बसवा आता कुठल्या रकान्यात बसवता ते.

अण्णा वर आहेत. त्या गठ्ठ्यांमागून जिना आहे. त्यांचं त्यांनाच विचारा — त्यांच्या वतीनं मी एकदा बोललो, पुरे झालं. आणि काय म्हणाले ते खाली येऊन मला सांगू नका. फक्त बेरीज करताना म्हातारे एकीकडे, तरुण एकीकडे असं ढकलून देऊ नका, ताई. हिशेब सचोटीनं ठेवा. जा. आधी वर जा.